चौथ्या वळणावरचा हात

माणसाच्या मनातली गोष्ट, ती त्यानं करण्याआधी, यंत्राला बिनचूक कळली, असा मानवजातीच्या इतिहासातला बहुधा पहिलाच क्षण १९ फेब्रुवारी २०४१ रोजी दुपारी साडेतीन वाजता शिरवली गावात येऊन गेला.

त्या क्षणी नामदेव झोरेच्या मनात देवीला नमस्कार करायचा होता. यंत्रानं ते ओळखलं, त्याला शर्यतीतून हाकलून दिलं आणि शंभर गुण कापले. मग पडद्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे आले आणि खाली प्रश्न आला : 'आजचा अनुभव कसा वाटला?' चेहरा निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. नामदेवनं रडका निवडला. 'कळवल्याबद्दल आभार,' असं उत्तर आलं.

नामदेव बावन्न वर्षांचा. शिरवलीच्या छोट्या दवाखान्याची अँब्युलन्स तो चोवीस वर्षं चालवत होता. काम एकच : ज्याचं इथं काही होण्यासारखं नाही त्याला शिरवली घाट चढवून कऱ्हाडला नेऊन पोचवायचं. चौदा वळणं, अकरा किलोमीटर. चौथ्या वळणावर वाघजाईचं देऊळ. तिथं आलं की उजवा हात स्टिअरिंगवरून उठायचा, छातीला लागायचा, परत खाली यायचा. एवढ्यात एक सेकंदही जात नसे. घाटातला प्रत्येक ड्रायव्हर हे करत असे, आणि आपण हे करतो हे विचारल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नसे.

खेळाबद्दलही सांगायला हवं, कारण खेळ उत्तम होता. नाव 'वळण'. पुण्याच्या त्रिज्या नावाच्या कंपनीनं राज्यातले बारा घाट लेझरनं मोजून जसेच्या तसे त्यात उतरवले होते. शिरवली घाटातला वाकडा मैलाचा दगडसुद्धा तितकाच वाकडा होता. हातात खरं स्टिअरिंग, पायाखाली खरे ब्रेक, आणि गाडीचं वजन वळणावर असं अंगावर यायचं की नामदेवची बायको शैला मागं नुसती उभी राहून बघतानाही दाराची चौकट धरायची. ड्रायव्हर माणूस गाडी चालवून घरी आल्यावर सहसा पुन्हा गाडी चालवत नाही. शिरवलीतले सगळे चालवायला लागले. एकट्याच्या सरावात नामदेव जिल्ह्यात पहिला होता.

घोळ ऑनलाइनमध्ये होता.

आठ जण आठ गावांतून एकाच रस्त्यावर गाडी पळवतात तेव्हा अडचण येते ती वेळेची. शिरवलीतून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो तोवर पुढचा माणूस वळलेला असतो, आणि आपण मात्र तो सरळच चाललाय असं बघत असतो. त्रिज्यानं यावर खरोखर सुंदर तोड काढली. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचला की स्नायूत आधी वीज खेळते. स्नायू ताणून हात हलतो तो त्यानंतर, सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागानं. मनगटावरचा पट्टा ती वीज टिपतो आणि हात हलायच्या आधीच संदेश पाठवून देतो. संदेशाला वाटेत जेवढा उशीर होतो, तेवढाच हाताला हलायला होतो. दोन उशीर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आठही जण खरोखर एका रस्त्यावर येतात.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण हरायला लागलं की लोक वायर ओढून पळून जायचे. वायर ओढल्यावर सर्व्हरला काही कळत नाही, म्हणून पळणाऱ्याला ओढण्याआधीच पकडायचं ठरलं. उजवा हात स्टिअरिंग सोडणार असा इशारा पट्ट्याकडून आला की तो पळपुटा. शिक्षा शंभर गुण. लागोपाठ तीनदा झालं तर तीन दिवस बंदी. नियमाचं नाव 'पलायन'. तो ज्या मुलीच्या डोक्यातून निघाला तिला त्याबद्दल बढती मिळाली. तिचं नाव सिद्धी नामदेव झोरे.

एवढ्यावरही हे घरातलं भांडण राहिलं असतं. पण 'वळण'मध्ये पहिले येणारे खेळाडू खऱ्या रस्त्यावर कमी अपघात करतात, असं एका समितीच्या लक्षात आलं. समितीनं त्यावरून असा निष्कर्ष काढला की घाटात वेगानं एकमेकांच्या पुढं जायची स्पर्धा जिंकणारा माणूस घाटात सुरक्षित असतो. नियम निघाला : ३१ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत आपल्या घाटाच्या ऑनलाइन शर्यतींत बाराशे गुण मिळवा, नाहीतर घाट परवाना नाही. पाचनंतर हंगाम संपणार, सगळ्यांचे गुण शून्यावर येणार. सराव धरला जाणार नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत शिरवली घाटाचा परवाना एकोणीस जणांना मिळाला होता. त्यातल्या सतरा जणांनी शिरवली घाट पाहिलेला नव्हता.

*

त्या सतरांतला एक जण २४ मार्चला दवाखान्याच्या आवारात येऊन उभा राहिला. रमाकांत बिरादार, उदगीरचा, चाळिशीचा, आजवर हार्वेस्टर चालवत आलेला. पेशंट नेणारी गाडी परवान्याशिवाय घाटात घालता येणार नव्हती, म्हणून दवाखान्यानं त्याला एक एप्रिलपासून बोलावून ठेवलं होतं. नामदेवची सोय लिफ्टवर केली होती. दवाखाना एकमजली होता.

"नमस्कार काका," बिरादार म्हणाला. माणूस सरळ होता, त्यामुळं रागही धड येईना. "म्हटलं गाडी बघून घ्यावी. घाटाला वेळ किती लागतो?"

"आत कोण झोपलंय त्यावर."

"गेममध्ये अकरा मिनिटं लागतात."

"हृदयवाल्याला पंचवीस. कमरेचं हाड मोडलं असेल तर पस्तीस, आणि शिव्या खायच्या. बाळंतीण असेल तर ती सांगेल तेवढी."

बिरादारनं खिशातून फोन काढून हे लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "काका, खरं सांगू? मला उंचीवर जरा गरगरतं. तिथं दरी अशी डाव्या अंगाला दिसते का हो?"

"दिसते," नामदेव म्हणाला.

संध्याकाळी त्यानं सिद्धीला फोन लावला. त्या दिवशी त्याचे गुण अकराशे पस्तीस होते, सगळे पलायन येण्याआधी मिळवलेले; आता दर शर्यतीला शंभर चौथ्या वळणावर जात होते.

"पप्पा, मी तक्रार नोंदवली आहे," सिद्धी म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत घेतील."

"ती कधी?"

"जूनमध्ये."

"जूनमध्ये मी लिफ्टचं बटण दाबत असणार."

"मग नमस्कार करू नका ना! मनात करा."

"मनातच तर पकडतंय तुझं यंत्र."

मग ती म्हणाली, "आणि पप्पा, रागावू नका, पण घाटात वळणावर एक हात सोडणं हे धोक्याचंच आहे."

"चोवीस वर्षं सोडतोय. एकदा तरी गाडी खाली गेली?"

"गेली असती तर हे विचारायला तुम्ही नसता."

नामदेवनं फोन ठेवला. शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलली ती." थोड्या वेळानं म्हणाली, "पण तिला बोलायचं काय कारण होतं?"

*

सिद्धी २९ तारखेला रजा टाकून घरी आली. लॅपटॉपवर तिनं पट्ट्याचा इशारा दाखवणारी एक हिरवी रेघ उघडली. चौथं वळण आलं की रेघ उसळायची, मग हात उठो वा न उठो. तिनं अँब्युलन्समधलं क्रेप बँडेज आणून बापाचा उजवा पंजा स्टिअरिंगला करकचून बांधला. नामदेव ऑनलाइन उतरला. चौथ्या वळणावर हात तसूभर हलला नाही. पडद्यावर पाच चेहरे आले.

शैलानं पडद्याच्या डाव्या बाजूला कॅलेंडरचं पान चिकटवून देऊळ झाकलं. नामदेवला देऊळ दिसलं नाही, वळण दिसलं. पाच चेहरे. गुण नऊशे पस्तीसवर आले.

"आणखी एकदा झालं की तीन दिवस बंदी," सिद्धी म्हणाली. "म्हणजे ३१ तारीख गेलीच." तिचा आवाज जरा बारीक झाला. "पप्पा, एक करता येतं. आमच्या चाचणीवाल्यांची एक यादी असते. त्यांना पलायन लागत नाही. त्यात मी तुमचं नाव घालू शकते."

"कुणाला कळेल?"

"नोंद राहते. कळेलच कधीतरी."

"मग?"

"मग मी शिरवलीला राहायला येईन."

नामदेव बँडेज सोडवत बसला. गाठ मुलीनं बांधलेली असल्यामुळं सुटत नव्हती. "नको," तो म्हणाला. "दवाखान्याला लिफ्ट एकच आहे."

पुढचे दोन दिवस तो सावध खेळला. म्हणजे सिद्धीनं शोधलं की आठ जण जमण्याआधी शर्यतीची ऑनलाइन खोली मोडली तर पलायन धरत नाहीत, आणि थांबून राहिल्याचे दहा-दहा गुण मिळतात. नामदेव स्टिअरिंग धरून तासन्‌तास पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चाकाकडं बघत राहिला. गाडी एक फूटही न हलवता त्यानं गुण मिळवले. ३१ तारखेला दुपारी एक वाजता तो अकराशे पासष्टवर होता. पस्तीस हवे होते. पहिल्याला साठ, दुसऱ्याला चाळीस, तिसऱ्याला वीस. आता एक शर्यत पुरी करणं भाग होतं, आणि त्यात दुसरं तरी येणं.

जेवताना शैलानं आमटी वाढता वाढता विचारलं, "अहो, गेल्या वर्षी माझ्या भावाची माणसं देवीला गेली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"म्हणालात, मला रजा नाही, माझाही नमस्कार सांगा. तो पोचला ना?"

"पोचला असणार."

"मग? वाघजाईला तुमचा मी सांगते. तुम्ही गाडी चालवा."

सिद्धीनं घास तसाच धरून आईकडं पाहिलं. मग उठून लॅपटॉप आणला. सरावात सहा फेऱ्या केल्या. शैला बाजूच्या खुर्चीत बसली; चौथं वळण आलं की हात जोडून मोठ्यानं म्हणायची, "आई वाघजाई, ह्यांचाही नमस्कार गं." पहिल्या दोन फेऱ्यांना रेघ उसळली. तिसऱ्यांदा थोडी हलली. पुढच्या तिन्ही वेळा सपाट राहिली.

"हे शास्त्रात कसं बसतं?" नामदेवनं विचारलं.

"बसतं," सिद्धी म्हणाली. "जे काम झालेलं आहे त्याचा हुकूम मेंदू पुन्हा काढत नाही." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "बहुतेक."

*

चार वाजून पाच मिनिटांनी नामदेव खोलीत शिरला. सात जण जमले, आठवा येईना. चाक गोल फिरत राहिलं. सव्वाचारला खोली मोडली आणि दहा गुणांऐवजी निरोप आला : आजचे थांबण्याचे गुण संपले आहेत. पुन्हा खोली. पुन्हा सात. मधेच जाहिरात लागली, टायरची, ती बंद करता येत नव्हती. शर्यतीला अकरा मिनिटं लागायची. म्हणजे चार अठ्ठेचाळीसच्या पुढं सुरू झालेली शर्यत पाचच्या आत संपेलच असं नव्हतं.

चार सेहेचाळीसला आठवा आला. नाव : दूधवाला. कानातल्या हेडफोनमधून ओळखीचा खोकला ऐकू आला.

"नामा? अजून लटकलेलाच काय रे?"

दिलावर मुल्ला. दुधाचा टँकर घेऊन वीस वर्षं हाच घाट चढणारा, नामदेवचा शाळेपासूनचा दोस्त. तीन महिने तोही रोज खेळत होता आणि पलायन आल्यापासून चौथ्या वळणावर उडत होता, कारण वाघजाईला हात करायला तोही कधी चुकला नव्हता.

"पस्तीस हवेत," नामदेव म्हणाला. "तुला?"

"मला लई हवेत. माझं सोड."

"भावजी," शैला माइककडं वाकून म्हणाली, "वाघजाईला तुमचाही नमस्कार मीच सांगणारे. तुम्ही हात उचलू नका."

"बरं झालं वहिनी. पण नाव नीट घ्या. दिलावर बाबालाल. तिथं दुसरा दिलावर पण आहे, टेम्पोवाला."

खाली बाकीच्यांची नावं होती. पहिलंच होतं : उदगीर एक्सप्रेस. बिरादार. त्याला गुण नको होते. तो बिचारा सराव करत होता.

चार सत्तेचाळीस. दिवे हिरवे झाले.

पहिल्या वळणाला नामदेव सहावा होता, दुसऱ्याला पाचवा. त्याला घाई नव्हती. तिसऱ्यानंतर चढ लागतो, तिथं नवखे गिअर उशिरा टाकतात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आधीच टाकला, आणि एक लाल गाडी काचेतून मागं सरकत गेली. चौथं वळण आलं.

"आई वाघजाई," शैलाचा आवाज चढला, "ह्यांचा नमस्कार, दिलावर बाबालाल भावजींचा नमस्कार!"

नामदेवचा पंजा स्टिअरिंगवर चिकटून राहिला. पुढची एक गाडी, मागच्या चारही गाड्या एकाएकी हवेत विरून गेल्या. पाच ठिकाणी घाटातल्याच पाच ड्रायव्हरांसमोर पाच-पाच चेहरे आले असणार.

"सपाट!" सिद्धी ओरडली. "पप्पा, रेघ सपाट!"

उरले तिघं. पहिला बिरादार, दुसरा दिलावर, तिसरा नामदेव.

बिरादार भलताच चांगला चालवत होता. त्याच्या पडद्यावर दरी होती, पण पडद्यातल्या दरीनं गरगरत नव्हतं. तो गाठणं शक्य नव्हतं. म्हणजे दिलावरला गाठायला हवं होतं, आणि दिलावर वळणाची आतली बाजू सोडत नव्हता. सहाव्याला नामदेव त्याच्या बाजूला आला, सातव्याला मागं पडला. आठव्याला दोन्ही गाड्यांचे आरसे घासले.

"वाट दे की रे," नामदेव दात आवळून म्हणाला.

"खऱ्या घाटात दिलीस का कधी?"

सिद्धीनं घड्याळाकडं पाहिलं. चार चौपन्न. मग तिनं लॅपटॉपकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, रेघ हलतेय. अजून वळण आलं नाही, तरी हलतेय. पुढं काय आहे?"

"पीर," तो म्हणाला.

"कसला पीर?" शैला म्हणाली.

"नवव्या वळणावर. पीरबाबाची कबर आहे. तिथं पण हात करतो आम्ही."

"हे आत्ता सांगताय? मला नाव तरी माहीत आहे का त्यांचं? काय म्हणायचं असतं?"

"सरावात कसं नाही दिसलं?" सिद्धी किंचाळली, आणि तिला स्वतःलाच उत्तर मिळालं. सरावात त्यांनी सहाही वेळा चौथ्या वळणानंतर शर्यत बंद केली होती.

रेघेला लाटा येत होत्या. नवव्या वळणावरच्या कबरीची हिरवी चादर डोंगराआडून दिसायला लागली. नामदेवनं स्टिअरिंग इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली, आणि रेघ आणखी उसळली. आवळणं हेही सोडण्याइतकंच यंत्राला संशयास्पद होतं.

"नामा," कानात दिलावरचा आवाज आला. तो धापा टाकत होता. "हात सोडू नकोस. तुझा पण सलाम मी घालतो."

"अरे पण तू उडशील!"

"वहिनींनी माझा सांगितला. आता गप गाडी चालव."

"दिल्या, तुझे शंभर जातील!"

"पीरबाबा," दिलावर म्हणाला, सावकाश, जणू खरोखर टँकर बाजूला घेऊन उभा होता, "दिलावर बाबालालचा सलाम. नामदेव धोंडिबाचा सलाम. दोघांचा आहे, बरं का."

पुढची गाडी विरून गेली. कानात एक टिंग वाजलं आणि मग काहीच नाही.

नामदेवचा हात हलला नाही. रेघ हळूहळू खाली येत सपाट झाली. शैलानं पदर तोंडाला लावला होता. उरलेली पाच वळणं नामदेवनं, अँब्युलन्समध्ये बाळंतीण असावी तशी, एकाही धक्क्याशिवाय पार केली. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तो दुसरा आला. बाराशे पाच. पडद्यावर पाच चेहरे आले, आणि पाचांतला कुठला निवडावा हे त्याला कळेना. पाच वाजता पडदा आपोआप बंद झाला.

*

परवान्याचा निरोप फोनवर सव्वापाचला आला. साडेपाचला बिरादारचा फोन आला. लिफ्टची जागा अजून रिकामी आहे का, असं तो विचारत होता, आणि त्याच्या आवाजात आशा होती. सहा वाजता नामदेव सायकल काढून दिलावरच्या घरी गेला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं. वीस वर्षं घाट चढणाऱ्या माणसाचा घाट त्याच्यामुळं गेला होता. दवाखान्यात शब्द टाकता येईल, कऱ्हाडच्या सपाट रस्त्यावर कुठं काम मिळतंय का बघता येईल.

दिलावर अंगणात टँकरचा नळ उघडून झाकणं धूत होता.

"आलास?" तो म्हणाला. "झालं का?"

"झालं. दिल्या, तुझं आता..."

"माझं काय?"

"परवाना."

दिलावरनं हातातलं झाकण खाली ठेवलं. "मला कशाला परवाना?"

"म्हणजे?"

"नियम माणसं नेणाऱ्या गाड्यांना आहे. मी दूध नेतो."

"मग तीन महिने रोज कशाला खेळत होतास? लई गुण हवेत म्हणालास!"

"हवेतच की. आमचा पोरगा रफिक माझ्या पुढं आहे." दिलावर पुन्हा झाकण घासायला लागला. "गेम चांगला आहे रे. बस, चहा टाकायला सांगतो."

परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर ते स्पष्ट लिहिलं होतं. दूध, ऊस आणि जनावरं वाहणाऱ्या गाड्यांना घाट परवाना लागत नाही.